नवे गोली पॅड बर्फावर घसरतच नाहीत, काय करू?

साताऱ्याची_गोली (विनिपेग)

मंडळी, आधीच सांगते, हॉकी म्हणजे बर्फावरची आणि गोली म्हणजे गोलरक्षक, म्हणजे मी स्वतः. वय ४३. सहा हिवाळे मुलाला पहाटे रिंकवर नेऊन बाकावर कुडकुडत काढले, मग म्हटलं थंडीच खायची तर आत उतरून खाऊ. इथल्या बायकांच्या संघाला गोली मिळत नव्हती आणि मला धड उलटं स्केटिंग येत नव्हतं, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. शिवाय आमच्या लीगमध्ये गोलीला फी माफ. हे कारण घरी सांगितलेलं नाही.

दोन हंगाम पायाला बांधायचे, कुणाच्या तरी तळघरातून आलेले जुने पॅड वापरले. पिवळे पडलेले, एका बाजूची शिवण उसवलेली, वास असा की उणे वीसमध्येही गाडीच्या काचा खाली. पण घसरायचे काय! गुडघे टेकून एक रेटा दिला की गोलाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, सहाच्या सहा फूट. या दिवाळीत नवे कोरे घेतले, ३२ अधिक १ इंच मापाचे, पांढरेशुभ्र, आणि हे मुळी हलतच नाहीत. ओल्या फरशीवर रबरी चप्पल बसते ना, तसे बसतात. गेल्या गुरुवारी डावीकडून उजवीकडे पास गेला, मी जीव खाऊन रेटा दिला, धड निघालं आणि पाय तिथेच. तोंडावर आपटले. पक (आमच्या खेळातली रबरी चकती) माझ्या डोक्यावरून नाही, बाजूने, अगदी निवांत आत गेला.

आजवरचे उपाय:

सिलिकॉनचा स्प्रे. कपडे धुवायच्या खोलीत पॅड आडवे घालून मारला. पहिली दहा मिनिटं झकास, मग जैसे थे. फरशीवर मात्र आठवडाभर टिकला. सासूबाई कपडे काढायला गेल्या आणि वॉशिंग मशीनला मिठी मारून थांबल्या. तेव्हापासून त्या खोलीत जाताना माझ्याकडे बघून जातात.

खोबरेल. ही आईची कल्पना, व्हिडिओ कॉलवर. रिंकवर पोचेपर्यंत थिजलं आणि बर्फाचा भुगा धरून बसलं. साखरेत घोळलेला शंकरपाळा झाला पॅडचा.

मेणबत्ती. तिचे खवले निघाले.

नवरा म्हणतो कॅरमची पावडर टाक. मुलगा म्हणतो एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या गोली हेलेबकसारखं खेळ, तो घसरत बसत नाही, आधीच जागेवर असतो. बरोबर आहे, म्हणूनच २०२५ मध्ये त्याला हार्ट (सर्वात मोलाचा खेळाडू) आणि व्हेझिना (सर्वोत्तम गोली) हे दोन्ही पुरस्कार मिळाले आणि मला गुडघ्याला बाम मिळतो. दुकानदार म्हणाला, "वापरून वापरून रुळतील." किती वापरून? कुणाला अनुभव आहे का?

---

धारवाला_नाशिक (ब्रॅम्प्टन)

काकू, मी इथे शिकतो आणि शनिवार-रविवार खेळाच्या दुकानात स्केटना धार लावतो. ही तक्रार घेऊन दर आठवड्याला कुणीतरी येतंच.

आधी तो स्प्रे बंद करा. त्याचा थर एका सरावात खरवडून जातो, आणि शिवणीच्या भोकांत जो उरतो तो घाण धरतो. मेणाचंही तेच. कॅरमची पावडर लाकडावर चालते, बर्फावर तिचं पिठलं होईल.

कातड्याचं म्हणाल तर बरेचसे पॅड जेनप्रो नावाच्या कृत्रिम कातड्याचे असतात, ते घसरायला मध्यम. महागड्या पॅडना त्याहून गुळगुळीत आवरण असतं, सीसीएम कंपनीची स्पीड स्किन वगैरे. फरक पडतो, नाही असं नाही. पण तुमचे ते वासाचे जुने पॅड बहुधा जेनप्रोचेच असणार, आणि ते पळत होते. मग दोष एकट्या कातड्याच्या माथी कसा मारायचा?

दोन गोष्टी सांगा. स्केटना शेवटची धार कधी लावली? आणि पुढच्या सरावानंतर पॅड अजिबात न पुसता फोटो टाका, समोरून आणि आतल्या कडेकडून. बर्फ कुठे लागलाय ते बघायचंय.

---

साताऱ्याची_गोली

काकू? बरं.

धार एप्रिलमध्ये लावली होती. संघातल्या एका जुन्या खेळाडूने सांगितलं की गोलीने स्केट बोथटच ठेवावेत, म्हणजे आडवं सरकता येतं. फोटो गुरुवारी टाकते.

---

धारवाला_नाशिक

एप्रिल! ताई (दुरुस्ती केली आहे), तो सल्ला गोली उभ्याउभ्याच पक अडवायचे तेव्हाचा. आता निम्मा खेळ गुडघ्यांवर चालतो, आणि गुडघ्यावरून सरकायला मागच्या पायाची आतली धार बर्फात रुतायला लागते. बोथट ब्लेडने रेटा देणं म्हणजे वाईच्या घाटावर शेवाळात उभं राहून होडी ढकलणं. होडी जागेवर, आपण पाण्यात.

पाऊण इंचाची धार मागा, सवय झाली की अर्ध्यावर या. आकडा लहान तितकी ब्लेडमधली खोबण खोल आणि पकड जास्त. एकदम अर्ध्यावर गेलात तर उभ्याने सरकताना अडखळाल.

---

खडकीचा_गोलकीपर (पुणे)

मी आपला मैदानी हॉकीवाला, धनराज पिल्लेंच्या गावचा. पंधरा वर्षं गोलात उभा होतो. बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय, तरी तोंड घालतो.

आमचे पॅड फोमचे, आणि ते टर्फवर सरकतात पाण्यामुळे. सामन्याआधी टर्फवर पाणी मारतात. कोरड्या टर्फवर आडवं पडलात तर पॅड जागीच राहतो आणि मांडीची सालं निघतात. (ही कृत्रिम गवताची भानगड ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९७६ ला, तुमच्याच कॅनडात, मॉन्ट्रियलला. त्या वर्षी आपण सातवे आलो. कॅनडावर माझा तेव्हापासून राग आहे, तुमच्यावर नाही.)

तुमचं वाचून एक जाणवलं. "धड निघालं आणि पाय तिथेच" असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वजन पुढे झुकलं, बाजूला गेलंच नाही. आमच्याकडे नव्या पोरांचं हेच होतं, बॉलवर झेपावतात पण कंबर मागे ठेवून येतात. ज्या बाजूला जायचं त्या बाजूच्या गुडघ्यावर वजन आधी गेलं पाहिजे, मागचा पाय नुसता ढकलायला. बर्फावर वेगळं असेल तर माफ करा.

---

डॉनमिल्सचे_आजोबा (टोरोंटो)

खडकीकर, काही वेगळं नाही. अगदी तेच.

मी ७१ वर्षांचा आहे, चाळिशीपर्यंत गोलात होतो आणि आता शनिवारी लहान गोलींना शिकवतो. माझे पहिले पॅड खऱ्या कातड्याचे, आत घोड्याचे केस भरलेले. सामना संपेपर्यंत पाणी पिऊन इतके जड व्हायचे की जिना चढताना कठडा धरावा लागे. ते घसरण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही उभे राहायचो. आता आत फोम असतो, पाणी शिरत नाही, आणि पॅडच्या आतल्या कडेवर बसूनच सगळं चालतं.

फोटो आला की बोलू. तोवर घरी एक करून बघ, बाळ. पॅड बांध, स्केट घाल, ब्लेडवर कव्हर चढव आणि बैठकीच्या खोलीत बटरफ्लायमध्ये, म्हणजे गोलीच्या गुडघे टेकून बसायच्या पवित्र्यात, बस. योगवर्गातलं वीरासन आठव, गुडघे जवळ आणि पावलं बाहेर, फक्त पावलं आणखी लांब फाकलेली. मग मुलाला सांग, पॅडच्या आतल्या कडेखाली कागद सरकवून बघ. गुडघ्यापासून बोटांपर्यंत कुठेही शिरता कामा नये.

---

साताऱ्याची_गोली

फोटो टाकलेत. मला कळलं ते असं: डाव्या पॅडची आतली कड जवळजवळ कोरडी आहे. उलट समोरच्या पांढऱ्या भागाच्या खालच्या काठावर नडगीपासून बोटांपर्यंत बर्फ थापलाय, नांगराच्या फाळाला माती लागते तसा. उजव्यावरही आहे, पण कमी.

कागद म्हणून मुलाने विजेचं बिल घेतलं. डाव्या पॅडखाली पूर्ण गेलं, पलीकडून बाहेर काढून दाखवलं त्याने. सासूबाई सोफ्यावरून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "देवापुढे कधी इतका वेळ बसली नाहीस."

---

डॉनमिल्सचे_आजोबा

सापडलं. पॅड पूर्ण वळत नाहीये.

बटरफ्लायमध्ये पॅडचं तोंड पक मारणाऱ्याकडे हवं आणि आतली कड सपाट बर्फावर. तुझ्या पॅडचं तोंड खाली, बर्फाकडे झुकलंय. त्यामुळे टेकतोय तो काठ, आणि काठ म्हणजे नांगरच. तूच लिहिलंस की. त्याला स्प्रे काय करणार?

कारणं दोन. एक, त्रेचाळिसाव्या वर्षी खुबा आतल्या बाजूला तितका वळत नाही. माझा तर आता मुळीच वळत नाही. म्हणून पाय कमी वळला तरी पॅडला पायाभोवती फिरायला मोकळीक हवी. दोन, नवा पॅड, नवे पट्टे, आणि दुकानात कुणीतरी बूट बांधावेत तसे आवळून दिले असतील. जुन्याचं वेलक्रो मेलेलं असणार, म्हणून तो आपोआप फिरायचा. त्याच्या घसरण्याचं रहस्य तेच.

पोटरीचे पट्टे सैल कर, पाय आणि पट्टा यांत सहज हात गेला पाहिजे. गुडघ्याचा पट्टा जरासा घट्ट चालेल, कारण गुडघा पॅडच्या आतल्या, गुडघा टेकायच्या ठोकळ्याच्या मधोमध पडायला हवा. तो ठोकळ्यावरून घसरून कडेला पडला तरी पॅड वाकडा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाची ती बोटांकडची दोरी, स्केटच्या पुढच्या टोकाला पॅड बांधते ती. फोटोत ती साधी बुटाची नाडी दिसते आणि करकचून बांधलीये. तिनेच पॅडचं नाक खाली धरून ठेवलंय. रबरी दोरीची मिळते ती लाव, किंवा निदान नाडीला तीन-चार बोटं ढील दे. उभं राहिल्यावर पॅड लोंबतोय असं वाटेल. वाटू दे.

वजनाचं खडकीकरांनी सांगितलंच. आधी डोकं वळव, मग पुढचा गुडघा बर्फाला लावून त्यावर वजन टाक, मग मागच्याने ढकल. आणि क्रीजमधला, म्हणजे गोलासमोरच्या आखलेल्या जागेतला, भुगा दर शिटीला काठीने बाहेर काढत जा. झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) नुकती फिरलेली असेल तेव्हा वर पाणी असतं, त्या पाच मिनिटांत कुठलाच पॅड नीट पळत नाही. तेव्हा स्वतःला शिव्या देऊ नकोस.

---

धारवाला_नाशिक

मी त्या नाडीकडे पाहिलंच नव्हतं. आजोबांना दंडवत. एकच जोड: आतल्या कडेला कुठे धागे सुटून पिंजारले असतील तर कात्रीने कापा, ओढू नका. आणि ते थिजलेलं खोबरेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, फडक्याने पुसून काढा. मग घरातच उघड्यावर सुकू द्या, हीटरला टेकवून ठेवू नका.

---

साताऱ्याची_गोली

गुरुवारचा वृत्तांत.

बुधवारी धार लावून आणली, पाऊण इंच. दोरी बदलली. पोटरीचे पट्टे इतके सैल केले की लॉकर रूममध्ये शेजारची म्हणाली, "तुझे पॅड पडतायत." बर्फावर जाताना दोन्ही पाय दुसऱ्याचेच वाटत होते, सरावाच्या पहिल्या दहा मिनिटांत दोन सोपे गोल खाल्ले.

मग डावीकडून तोच पास, तीच बाई. डोकं वळवलं, उजवा गुडघा टेकला, डाव्याने ढकललं. काही आवाजच आला नाही. आधी खर्रर्र असा खरवडल्याचा आवाज यायचा, तो कधी यायचा हेही मला तो बंद झाल्यावर कळलं. पक पोटरीवर आपटला. तिने मान हलवली, मी लाजेने काहीच केलं नाही, पण तोंडावरच्या जाळीच्या आत दात दिसत होते.

पुढच्या वेळी मात्र खांब ओलांडून बाहेर गेले, क्रीजच्याही पलीकडे, आणि तिने मागून रिकाम्या जाळीत टाकला. आजोबा, थांबायचं कसं ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

---

डॉनमिल्सचे_आजोबा

विचारलंस कुठे? पुढचा पाय उचलून त्याच्या ब्लेडची आतली धार बर्फात लाव. गादीवर नको, सरळ रिंकवरच कर. आधी खांबापासून दोन फुटांवर, हळू.

---

खडकीचा_गोलकीपर

आणि सासूबाईंना एकदा सामन्याला न्या.

---

साताऱ्याची_गोली

त्या येणार आहेत पुढच्या गुरुवारी. रात्री पावणेअकराचा सामना आहे म्हटलं तरी येणार म्हणतात. फक्त विचारून ठेवलंय, तिथली फरशी कशी आहे.