व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण निळसर हिरवा पडला, खावा का?

प्रश्न
सोललेला लसूण काचेच्या बरणीत भरून त्यावर व्हिनेगर, पाणी, मीठ आणि थोडी साखर यांचे उकळलेले मिश्रण ओतले होते. काही दिवसांतच बऱ्याच पाकळ्यांवर निळसर हिरवी छटा आली. वास चांगला आहे आणि बुरशीही दिसत नाही, तरी असा लसूण खाणे सुरक्षित आहे का? शिवाय, उरलेल्या ताज्या पाकळ्या तेलात बुडवून फ्रिजबाहेर ठेवल्या तर चालतील का?

प्रतिसाद १
केवळ या रंगामुळे लसूण टाकून देऊ नका. पाकळीच्या पेशींना इजा झाली की आतले एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) गंधकयुक्त संयुगांवर काम करू लागते, आणि त्यातून निघालेले पदार्थ लसणातल्याच अमिनो आम्लांशी जोडले जाऊन निळी-हिरवी रंगद्रव्ये तयार होतात. आम्लामुळे या क्रियेला चालना मिळते. बराच काळ थंड जागी साठवलेला लसूण अधिक लवकर रंग धरतो. पांढराच हवा असेल, तर पाकळ्या आधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे विकर निष्क्रिय होते. मात्र त्यामुळे करकरीतपणा कमी होतो, म्हणून मी स्वतः रंग पत्करून हे टाळते.

प्रतिसाद २
रंगापेक्षा व्हिनेगरचे प्रमाण किती होते, हे पाहणे अधिक गरजेचे आहे, आणि ते आपण लिहिलेले नाही. लसूण मुळात कमी आम्लाचा असून त्याचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.३ ते ६.३ असतो. तो मातीत वाढत असल्यामुळे त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हवा नसलेल्या आणि आम्ल कमी असलेल्या जागी हे बीजाणू रुजून घातक विष तयार करतात, पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर त्यांची वाढ होत नाही. म्हणून बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेले व्हिनेगर घ्यावे आणि पाणी त्याच्याहून अधिक घालू नये. मीठ-साखर चवीप्रमाणे बदलता येते, व्हिनेगर मात्र कमी करता येत नाही. आंबटपणा बोचत असेल तर साखर वाढवावी. घरी केलेल्या व्हिनेगरची तीव्रता ठाऊक नसते, त्यामुळे ते येथे वापरू नये. अखंड पाकळीच्या गाभ्यापर्यंत आम्ल पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच असावी आणि पाकळ्या द्रवात पूर्ण बुडालेल्या असाव्यात.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. व्हिनेगर ५ टक्क्यांचेच होते, पाणी त्याच्या निम्मे घातले होते आणि बरणी फ्रिजमध्येच आहे. तेलाविषयीही कृपया सांगावे.

प्रतिसाद ३
हे प्रमाण योग्य आहे, निश्चिंतपणे खा. ताजा लसूण तेलात घालून फ्रिजबाहेर मात्र मुळीच ठेवू नका. तेलामुळे हवा अडते, पण आम्ल मिळत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या जिवाणूला हवी तशीच परिस्थिती तयार होते. आणि त्याचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. तेलातला लसूण हवाच असेल तर थोडासा करावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांच्या आत संपवावा. त्याहून अधिक टिकवायचा असल्यास छोट्या भागांत गोठवून ठेवावा.