दोघांसाठी वेलिंग्टन, पण बोकडाच्या मटणाचं: जमेल का?

गोठवाला:
नमस्कार मंडळी. मुक्काम ग्वाल्हेर, लष्कर, चिटणिसांची गोठ. २४ डिसेंबरला लग्नाचा वाढदिवस. बायको ऑफिसच्या कामानं लीड्सला गेली होती, तिथं हॉटेलात शेजारच्या टेबलावर वेलिंग्टन, म्हणजे पेस्ट्रीच्या कवचात भाजलेलं गोमांस, कापताना तिनं पाहिलं. गोमांस आमच्यात कोणी खात नाही, त्यामुळे नुसतं पाहून आली. पण वरचं ते खारीसारखं सोनेरी कवच अजून तिच्या बोलण्यात येतं. यंदा ते मी करायचं ठरवलंय, मटणाचं, दोघांपुरतं.

अडचण अशी की २४ तारीख गुरुवारी येते, तोही मार्गशीर्षातला. आई घट मांडते. स्वयंपाकघर एक, फ्रिज एक. बुधवारी आणलेलं मटण गुरुवारी फ्रिजमध्ये सापडलं तर वेलिंग्टनचं वॉटर्लू होईल. म्हणून जेवण शुक्रवारी रात्री. पण जी ती रेसिपी म्हणते, मांस आदल्या रात्री गुंडाळून गार करा. सगळं एका दिवसात होईल का? मटण कुठलं मागू? आत गुलाबी ठेवायचं असतं म्हणतात, ते बोकडाला चालतं का? घरी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, आहे.

मोरारचा_पाव:
चिकन ब्रेस्ट घे, विषय संपव. अर्ध्या तासात भाजून होतं.

गोठवाला:
चिकन आमच्याकडे मंगळवारी पण होतं हो. वाढदिवसाला मटणच.

कंपूवाल्या_काकू:
बरोबर आहे तुझं. सणासुदीला आमच्या कंपू भागातही चिकनला कोणी विचारत नाही.

आधी गुलाबीचं डोक्यातून काढ. ते लोक गाईच्या पाठीच्या आतला फिले घेतात. त्या स्नायूला जनावराच्या जन्मात फारसं काम नसतं, म्हणून तो अर्धाकच्चाही मऊ लागतो. बोकडाचा तोच तुकडा जेमतेम दोन बोटं जाड असतो, त्याचं काय वेलिंग्टन करणार? आपल्याला घ्यावी लागते रान, म्हणजे मागची मांडी. ती आयुष्यभर चाललेली. तिच्यातले चिवट धागे मंद आचेवर बराच वेळ शिजले तरच विरघळतात. गुलाबी ठेवलीस तर बायको चावत बसेल आणि तू तिच्या तोंडाकडे बघत बसशील.

तेव्हा मटण आधी पूर्ण शिजवायचं, मग गुंडाळायचं. यात तुझा गुरुवारही सुटतो.

खाटकाला सांग, लहान बोकडाची रान, हाड काढून, एकच तुकडा, पाऊण किलो. कापून आणि शिजून ते बरंच आकसतं, दोघांना तेवढं लागतंच. हाडं सोडून येऊ नकोस, ती पण घे. शुक्रवारी सकाळी आलं, लसूण, मीठ, भरपूर मिरं चोळून तासभर ठेव. हळद-तिखट नको, कवचाखाली तो रंग बरा दिसत नाही. जाड दोऱ्यानं बांध, तुपावर सगळ्या बाजूंनी लालसर परत. मग कांदा, तमालपत्र, हाडं आणि दीड वाटी पाणी घालून कुकरला लाव. एक शिट्टी, नंतर बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं. सुरी सहज आत जायला हवी, पण गोळा सुटता कामा नये. शंका आली तर आणखी पाच मिनिटं दे, वातड राहण्यापेक्षा सुटलेलं परवडलं.

रसातच कोमट होऊ दे. मग काढून कोरडं पूस, प्लास्टिकच्या क्लिंग फिल्मवर ठेवून घट्ट वळकटी कर आणि दोन्ही टोकांना पीळ दे. सुटलेले तुकडे असले तरी घाबरू नको, दाबून आत बसव. हाडामांसातला चिकटपणा गार झाला की सगळं धरून ठेवतो. फ्रिजमध्ये तीन तास. बस, तुझी ती "आदली रात्र" झाली.

उरलेला रस गाळून अर्धा होईपर्यंत आटव, मिरं आणि लोण्याचा एक खडा घाल. वरून ओतायला तोच. बाजारच्या पाकिटातली ग्रेव्ही आणलीस तर मी ओळख दाखवणार नाही.

इतिहास_चघळणारा:
थोडं विषयांतर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास जिथं छावणी टाकली, तिथं राहून तुम्ही वेलिंग्टन शिजवताय! २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला १८१४ मध्ये. या पदार्थाचा त्याच्याशी संबंध होता याला धड पुरावा नाही, पण सुरी चालवताना आठवण ठेवा.

गोठवाला:
म्हणजे दोनशे वर्षांनी का होईना, हिशेब चुकता. 😄
काकू, मांसाभोवती मशरूमचा थर देतात, त्याचं काय? आणि कवचाचं ते पदरांचं पीठ घरी होईल का?

कंपूवाल्या_काकू:
मशरूम गुरुवारी करून ठेव, शाकाहारी आहेत, आईंची हरकत नसावी. पण विचार, काही घरांत त्या दिवशी मशरूमही चालत नाहीत.

२०० ग्रॅमची दोन पाकिटं. अगदी बारीक चिरायचे, किंवा मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे. लगदा नको. कोरड्या कढईत, तेल न घालता, मीठ टाकून मध्यम आचेवर परतत राहा. आधी भसाभस पाणी सुटेल, सगळं त्यातच पोहायला लागेल. तिथं कंटाळून गॅस बंद करणारे लोकच नंतर "माझी पेस्ट्री खाली ओली राहिली" म्हणून रडतात. पाणी आटलं की आवाज बदलतो, खदखद जाऊन चुरचुर येते. उलथन्यानं कढईच्या मधून रेघ ओढ. ती कोरडी राहिली, कडेनं पाणी आलं नाही, की झालं. मग लोणी आणि ठेचलेला लसूण. एवढ्या मशरूमचं जेमतेम वाटीभर उरतं.

ते लोक पेस्ट्रीच्या आत हॅम किंवा पातळ क्रेप घालतात, तेही ओल अडवायलाच. तू अंडं-मैद्याचं पातळ धिरडं घाल, शुक्रवारी. मटणाला मोहरी लागते. बाटलीतली आणू नको, चमचाभर मोहरीची पूड पाणी, मीठ, लिंबू घालून चांगली फेस, नाकात गेली पाहिजे.

पीठ घरी करण्याच्या फंदात पडू नको. तीन पदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ पदर होतात, पण मध्ये मध्ये गार करण्यात दिवस जातो. जी बेकरी पॅटिस करते तिथून लाटलेलं कच्चं पीठ माग, अर्धा किलो. मोरारला माझ्या ओळखीचा एक जण देतो. आठवडाभर आधी सांगून ठेव, २४ तारखेला त्यांना केकांपुढे कोणी दिसत नाही. ते पीठ बहुधा वनस्पतीचं असतं, टाळ्याला थोडं चिकटतं, पण नवख्या हातात लोण्यापेक्षा कमी बिघडतं.

गोठवाला:
आता भट्टीचं सांगा. माझ्या ओटीजीत बिस्किटंसुद्धा वरून करपतात आणि खालून पांढरी.

कंपूवाल्या_काकू:
म्हणून लोखंडी तवा आत ठेव. २१० अंशांवर, दोन्ही रॉड लावून, वीस मिनिटं तवा तापू दे. धिरड्यावर मशरूम पसर, मटणाला मोहरी फासून त्यावर ठेव, गुंडाळ. वरून पीठ, जोड खाली. जोडावर दुहेरी थर झाला तर जास्तीचं कापून टाक, नाही तर तिथं कच्चं राहतं. अंड्याचा बलक चिमूटभर मीठ घालून लाव, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, पुन्हा बलक लाव. सुरीनं वरवर रेघा मार, आरपार नाही. बेकिंग पेपरवर उचलून सरळ तव्यावर सोड.

अर्धा तास. वरचा रंग लवकर चढला तर फॉइल टाक, पण भट्टी लवकर बंद करू नको. सोनेरीवर थांबशील तर आतले पदर कच्चे, चांगला तपकिरी होऊ दे. मटण शिजलेलंच आहे, फक्त मधोमध गरम व्हायला हवं. सळई मध्ये खुपसून पाच सेकंदांनी मनगटाला लाव, चटका बसला की काढ.

मोरारचा_पाव:
ठीक आहे, हरलो. सोबत काय?

कंपूवाल्या_काकू:
थंडीतले ताजे मटार लोण्यावर परतून, आणि गाजराच्या फोडी. भात-पोळी काही नको, कवच आहे ना. गोठवाल्या, बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नको आणि पावाच्या दातेरी सुरीनं काप. दोन बोटं जाड. पातळ कापलंस तर ताटात पडेपर्यंत मटण एकीकडे आणि पेस्ट्री दुसरीकडे.