ज्याला तारणाची खात्री नाही त्याचं तारणच झालं नाही, हे खरंय का?

नगरची_पोर

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी नगर जिल्ह्यातली, घरचे सगळे जुन्या मिशनच्या मंडळीतले म्हणजे आता सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). जॉबसाठी पिंपरीला आले आणि रूममेटमुळे इथल्या एका फेलोशिपला, म्हणजे एका स्वतंत्र चर्चला, जायला लागले. वरशिप छान असते, लोकं पण जीव लावतात. तर मागच्या शुक्रवारी सेल मीटिंगला, म्हणजे चर्चच्या छोट्या गटाच्या बैठकीला, लीडरनी एकेकाला विचारलं की आज रात्री मेलात तर स्वर्गात जाल याची किती टक्के खात्री आहे. सगळे शंभर, शंभर म्हणत गेले, माझा नंबर आला तर मीपण शंभर म्हणून टाकलं आणि ते खोटं होतं. ती तारणाची प्रार्थना, म्हणजे येशू माझी पापं माफ करून मला वाचव अशी, मी वर्षभरात दहा-बारा वेळा तरी केलीय, दर वेळी वाटतं आधीची मनापासून झाली नव्हती.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. रविवारी घरी फोन केला तेव्हा आजीला सहज तोच प्रश्न विचारला. आजी ८४ ची, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ, चर्चमधलं प्रभूभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) कधी चुकवलं नाही, आजोबा गेले त्या रात्रीसुद्धा प्रार्थना करून मगच आडवी झाली. ती म्हणाली, "अगं मला काय ठाऊक, त्याच्या पदरात पडलेय, तो बघेल काय करायचं ते." मला ते इतकं आवडलं की लीडरना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले ज्याला खात्री नाही त्याचं तारण झालेलंच नाही, आजीसाठी प्रार्थना करा. तेव्हापासून धड झोप नाही.

वचन_आधी

ताई, कडू वाटेल पण लीडरचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र, १ योहान ५:१३ काढा. सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलंय म्हणतो तो. कळावं. "बघू, होईल काहीतरी" असं नाही. योहान १० मध्ये प्रभू म्हणतो माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, मग आपण अजून टक्के कसले मोजतोय? मी स्वतः १७ वर्षं चर्चला गेलो, क्वायरमध्ये पुढच्या रांगेत असायचो, आणि तारण म्हणजे काय विचारलं असतं तर "चांगलं वागणं" असं उत्तर दिलं असतं. आजींबद्दल मी काही ठरवत नाही, पण भजनं पाठ असणं वेगळं. त्यांना एकदा विचारा, देवानं तुला का घ्यावं? कोणामुळे? उत्तरातून सगळं कळेल.

निवृत्त_डीकन

पोरी, आधी झोप. आजीची काळजी करू नकोस.

"तारण झालंय का" आणि "झालंय हे मला ठाऊक आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुझ्या लीडरनी दोघांची खिचडी केलीय. हे काही माझं नवीन डोकं नाही. १६४६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला प्युरिटन लोकांनी (इंग्लंडातले कडक प्रोटेस्टंट) जो विश्वासाचा अंगीकार लिहिला, म्हणजे ढिले लोक नव्हेत हां, एकदम कडक, त्याच्या १८ व्या अध्यायात खात्रीचाच विषय आहे. खात्री मिळू शकते, ती मिळवायचा प्रयत्न करावा, पण ती विश्वासाचा गाभा नाही, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला खूप काळ थांबावं लागू शकतं असं त्यात सरळ लिहिलंय.

आता वचन_आधी रमाबाईंचं उदाहरण देतीलच म्हणून मीच देतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला आणि आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही. ज्याचं आत्मकथन वाचून त्यांना हे उमगलं तो हॅस्लम तर अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा पाळक, १८५१ मध्ये कॉर्नवॉलला स्वतःचंच प्रवचन करता करता त्याचं परिवर्तन झालं! म्हणजे मन तपासायला माझी ना नाही. पण मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीचं बघ. २४ मे १७३८ ला लंडनला ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत कोणीतरी प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्युथरनं बायबलमधल्या रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, तेव्हा त्याच्या मनात ऊब दाटून आली आणि प्रभूनं आपली पापं घेतली याची खात्री पटली. आणि ४ जानेवारी १७३९ ला हाच माणूस डायरीत लिहितो की मी आत्ता ख्रिस्ती नाही. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. खात्री वाटणं म्हणजेच तारण असेल तर मग मे मध्ये झालेलं जानेवारीत रद्द झालं काय? ती वर-खाली होते, प्रभू होत नाही.

वसईवाला

कॅथलिक आहे, बोललं तर चालेल ना 🙂 आमच्याकडे तुमच्या लीडरचा प्रश्नच उलटा पडतो, कोणी छातीठोक शंभर टक्के म्हणाला तर आमचे फादर काळजीत पडतील. आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १५४७ लाच ठरवलं की देवानं खास प्रकट केल्याशिवाय मी शेवटपर्यंत टिकणारच असं कोणी पक्कं म्हणू नये. पण म्हणून आम्ही घाबरून बसतो असं नाही, आशा आहे ना. तुमच्या आजीचं वाचलं आणि मला फ्रान्सची संत जोन ऑफ आर्क आठवली. १४३१ च्या खटल्यात तिला अडकवायलाच विचारलं होतं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हणाली तर गर्व, नाही म्हणाली तर कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला त्यात आणो, असेन तर त्यातच ठेवो. जेमतेम १९ वर्षांची, लिहितावाचता न येणारी पोरगी. आमच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आजही तिचं हे उत्तर आहे. तुमची आजी वेगळं काय म्हणाली?

वचन_आधी

@वसईवाला उत्तर भारी आहे, मानलं. पण मग ५:१३ चं काय करायचं ते सांगा. आणि डीकनसाहेब, खिचडीचं मान्य, मी पण थोडी केली.

परत_परत

बाकी चर्चा मोठ्यांची, मला फक्त दहा-बारा वेळा प्रार्थनेवर बोलायचंय कारण मी सत्तरच्या पुढे मोजणं सोडलं होतं. ताई, गॅस बंद केला का बघायला परत परत किचनमध्ये जातो तसं असतं हे, बघून आलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग "नॉब नीट फिरवला होता ना?" सुरू. जितक्या वेळा बघाल तितका संशय वाढतो. ल्युथरचं मठात असताना हेच चालायचं, तासन् तास पापकबुली, त्याचा वरिष्ठ श्टाउपित्झ कंटाळून जायचा. माझं तर डॉक्टरकडे गेल्यावर कळलं की यातलं अर्धं ओसीडी आहे (तेच तेच विचार आणि कृती परत परत करायला लावणारा मनाचा आजार), औषध आणि कौन्सेलिंग दोन्ही चालू आहे आणि त्यानं माझा विश्वास कमी झाला नाही, उलट आता प्रार्थनेत दुसऱ्या कोणासाठी तरी मागता येतं. तुमचं तसंच असेल असं नाही, पण झोप उडालीय तर एकदा दाखवा. आणि १ योहान ३:२० वाचा, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. तेच पत्र, ५:१३ वालंच.

नगरची_पोर

सगळ्यांचे खूप आभार, डोळे भरून आले वाचताना. @परत_परत गॅसचं एकदम तसंच होतं माझं, अपॉइंटमेंट घेते.

वचन_आधी दादा, आजीला काल विचारलं, देवानं तुला कोणामुळे घ्यावं. ती म्हणाली, "येशूमुळे, आणखी कोण आहे माझं तिथं?" आणि मग पुढची दहा मिनिटं पिंपरीत पाणी येतं का नाही यावर. लीडरना हे सांगितलेलं नाही अजून. शुक्रवारी परत टक्के विचारले तर या वेळी शंभर म्हणणार नाही एवढं ठरवलंय, त्याऐवजी काय म्हणायचं ते अजून ठरत नाहीये.