कल्हईत शिसं असेल तर कसं ओळखायचं?

मिरजेची_वसुधा:
सासूबाईंचं घडीव पितळी पातेलं मी रोजच्या वापरात घेतलंय. दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून नुकतीच कल्हई करून घेतली. आता आतून राखाडी दिसतं, बोट फिरवलं तर काळं लागतं. शेजारच्या काकू म्हणतात, कथलात शिसं मिसळलं असणार. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार त्यातच होतं आणि मुलगी दोन वर्षांची आहे. जीव थाऱ्यावर नाही. जाणकारांनी सांगा.

तांबट_कसबा:
ताई, पातेलं आजच बाजूला ठेवा. काळं लागलं म्हणजे शिसंच, असं नाही. भांडं जास्त तापलं किंवा नीट पुसलं नाही तरी तसं होतं. पण काकूंची शंका रास्त आहे. कथील शिशाच्या दहापटीहून महाग, म्हणून भेसळ होते. शिसं मिसळलं की कल्हईवाल्याकडची कथलाची कांडी कमी आचेवर वितळते: शुद्ध कथलाला २३२ अंश लागतात, शिसं मिसळलेलं १८३ अंशांपासूनच पाघळू लागतं. कारागिराचं काम सोपं होतं, खाणाऱ्याच्या पोटात विष जातं. आमच्या घरात ही भेसळ पाप मानतात.

कांडी कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील कुरकुरतं, आवाज स्पष्ट येतो. शिसं जास्त असेल तर मुकाट वाकते आणि कागदावर घासली की पेन्सिलीसारखी रेघ उमटते. थोडी भेसळ मात्र अशी कळत नाही. त्यासाठी कांडीचा तुकडा धातू तपासणाऱ्या लॅबमध्येच द्यावा लागतो.

पातेलं घडीव आहे हे बरं. ओतीव पितळेत कातकाम (यंत्रावर फिरवून कापणं) सोपं जावं म्हणून शिसं मुद्दाम घालतात.

बालरुग्ण_परिचारिका:
वसुधाताई, मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. रक्त बोटातून नको, शिरेतून. बोटावरच्या धुळीनं आकडा खोटा वाढतो. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार-पाचपट शिसं शोषतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सुरक्षित अशी पातळीच नाही, अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की स्रोत शोधायला लागतात. हिमोग्लोबिनही बघा, लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. स्रोत थांबला की रक्तातलं प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. मात्र हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं राहतं, म्हणून थांबू नका.

सिएटलकर:
तोवर म्हणून जुनी ॲल्युमिनियमची भांडी काढू नका. इथल्या काउंटीच्या आरोग्य खात्याला निर्वासित कुटुंबांच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसं सापडलं आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं भांड्यांतल्या शिशावर कायदाच केला. आईनं दिलेलं हिंडालियमचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं, पातेलं मीही वापरातून काढलं. स्टील वापरा.

मिरजेची_वसुधा:
पातेलं माळ्यावर ठेवलं. उद्या रक्त द्यायला नेते. तांबटदादा, कथील आपण विकत आणून दिलं तर कल्हईवाले करून देतात का?

तांबट_कसबा:
देतात, मजुरी वेगळी घेतात. पावतीवर कथलाची शुद्धता लिहून घ्या. आधीची कल्हई भट्टीवर पूर्ण पुसून काढायला सांगा, नाहीतर जुन्यावरच नवी चढते. धूर निघतो तेव्हा मुलीला तिथं थांबू देऊ नका. पुसलेला कापूस अंगणात टाकू नका. आणि नवी कल्हई झाली तरी चिंच, कोकम, टोमॅटो स्टीलमध्येच शिजवा. पितळेत भात करा, दूध तापवा.