रंग सोडण्याआधी प्रोग्रामने बघायला नको का, आउटपुट कुठे चाललंय?

ऐरोलीकर:
तुर्भ्याच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला हिशेब जुळवायचं छोटं टूल लिहून दिलं होतं. रोज रात्री आपोआप चालायचं, आउटपुट लॉग फाइलमध्ये. जुळलं की हिरवं 'ओके', नाही जुळलं की लाल. माझ्या स्क्रीनवर नुसती दिवाळी! तिकडे दिवाणजींनी सकाळी नोटपॅडमध्ये फाइल उघडली, तर ओळीओळीत चौकोन आणि '[३२एम', '[०एम', म्हणजे रंग बदलायला मजकुरात घातलेले कोड. सात वाजता फोन: "साहेब, मशीनला बाधा झाली का?"

चूक माझी. पण त्यावरून मत पक्कं झालं: समोर स्क्रीन आहे की फाइल, हे न बघता रंगाचे कोड ओकणारा प्रोग्राम बेशिस्त. विंडोजवर हे अवघडही नाही. कन्सोलची, म्हणजे कमांडच्या काळ्या खिडकीची, स्थिती सांगणारा 'गेट कन्सोल मोड' हा विंडोजचा कॉल करा. आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये (थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे) वळवलं असेल तर तो कॉल फेल होतो. मग साधा मजकूर द्या. चालला, तर रंगाचे कोड ओळखायला लावणारा 'व्हर्च्युअल टर्मिनल प्रोसेसिंग'चा बिट लावून 'सेट कन्सोल मोड' करा. तोही फेल झाला तर विंडोज जुनं आहे, पुन्हा साधा मजकूर. पाच-सहा ओळींचं काम.

घोडबंदर_घाट:
पाच-सहा ओळी म्हणे! दादा, गिट बॅश वापरलंय का कधी, कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटसोबत विंडोजवर येतं ते? त्याची मिनटीटीवाय खिडकी विंडोजचा कन्सोल नाहीच, आतून पाइप असायचे. समोर माणूस बसलाय, स्क्रीन रंग दाखवायला तयार आहे, आणि तुमचं 'गेट कन्सोल मोड' म्हणणार फेल. त्यासाठी लोक 'विनपीटीवाय' नावाचा दुवा मध्ये घालून वर्षानुवर्षं चालवत होते. कोड आपोआप जुळवून तपासणाऱ्या बिल्ड सर्व्हरचंही तेच: आउटपुट पाइपमधून जातं, पण लॉग ब्राउझरमध्ये रंगीत दिसू शकतो. हजार ओळींत लाल ओळ शोधायची असते तेव्हा तुमची शिस्त नडते. रंग चालूच ठेवा, ज्याला नको तो बंद करेल.

सानपाडा_स्लो:
घोडबंदर, मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. तुमची 'लाल ओळ' मला कोण शोधून देणार? आधी ओळीत 'चूक' हा शब्द लिहा, मग रंगांवर भांडा.

वागळे_इस्टेट:
तुम्ही दोघंही प्रोग्रामरला झोडताय, मूळ दुखणं कन्सोलचं. डॉसमध्ये 'एएनएसआय डॉट एसवायएस' हा ड्रायव्हर कॉन्फिग फाइलमध्ये घातला की हेच कोड चालायचे. असेच कोड समजणारं व्हीटी१०० टर्मिनल १९७८ चं. विंडोज एनटीचा कन्सोल मात्र हे विसरला. १६ रंग, तेही कोडने नाही, विंडोजला वेगळे कॉल करून. २०१५ च्या नोव्हेंबर अपडेटपर्यंत हीच गत. पूर्ण २४ बिट रंग त्याच्याही नंतर. आणि काळ्यावर तो गडद निळा! २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने रंगपट बदलला, पण नव्याने विंडोज टाकलेल्यांनाच तो आपोआप मिळाला, अपग्रेडवाले निळ्यातच चाचपडत राहिले. (आपल्या जोडाक्षरांचे त्या खिडकीत काय हाल व्हायचे, तो विषय काढूच नका.)

घोडबंदर_घाट:
काका, इतिहास बरोबर. पण आज मायक्रोसॉफ्टचंच नवं 'विंडोज टर्मिनल' आहे, म्हणून तर म्हणतो, घाबरायचं कशाला?

ऐरोलीकर:
कारण त्या व्यापाऱ्याकडे अजून विंडोज ७ आहे. यार्डात मशीन बंद पडेपर्यंत बदलत नाहीत.

मिनटीटीवायचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. म्हणून ऑटो, ऑलवेज, नेव्हर असे तीन पर्याय हवेत, गिटमध्ये आहेत तसे, आणि 'नो_कलर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रामना वाचता येणारी सेटिंग) सापडला तर गप्प बसायचं. पण काहीच न सांगितल्यास ऑटो. 'ज्याला नको तो बंद करेल' हे दिवाणजींना तुम्ही सांगा, मी नंबर देतो.

सानपाडा, तुमचं ऐकून ओळीच्या सुरुवातीला 'चूक' टाकलंय. दिवाणजी खूश. ते त्या लॉगची रोज प्रिंट काढून फाइलला लावतात असं आता कळलं. डॉट मॅट्रिक्सवर. रिबन काळी.