थिकनेस प्लेनर हवा आहे, पण घेता येत नाही: आपल्याकडे कोणते अवजार राहून गेले आणि का?

सागरंग (पुणे)

मला थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची तासून देणारे यंत्र, हवा आहे आणि तो घेता येत नाही. त्यामागची कारणे मांडून आपला सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे. मी सोसायटीत राहतो आणि तळमजल्यावरच्या बंदिस्त गाळ्यात पाट, चौरंग, लहान कपाटे अशी सागवानाची कामे करतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सव्वा इंची म्हणून आणलेली फळी एका टोकाला 31 मिमी, तर दुसऱ्या टोकाला 28 मिमी भरते. अशा तीन फळ्या कडेला कडा लावून चिकटवल्या, की सांध्यापाशी फरक बोटाला स्पष्ट लागतो आणि पुढचा सगळा वेळ तो घासून काढण्यात जातो.

अमेरिकेतले हौशी सुतार ज्याची नेहमी शिफारस करतात, तो डीवॉल्टचा 13 इंची डीडब्ल्यू 735 नातेवाइकांकरवी मागवावा असे मनात होते. तथापि तो 120 व्होल्टवर 15 अँपिअर घेतो, म्हणजे इथे तो चालवण्यासाठी दोन-तीन केव्हीएचा जड स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर सोबत बाळगावा लागेल. देशी बनावटीची ओतीव लोखंडाची रंधा मशीन दणकट असतात, परंतु ती कारखान्याच्या हिशोबाने बांधलेली असतात. त्यांचे वजन माझ्या गाळ्यात नेण्याजोगे नाही आणि त्यांतल्या अनेकांना थ्री फेज जोडणी लागते. शिवाय आवाजाचा प्रश्न आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि प्लेनर चालू असताना कानाशी 90 च्या वर आवाज सहज जातो. वरच्याच मजल्यावर तान्हे मूल असताना असे यंत्र चालवणे मला योग्य वाटत नाही.

यातून कोणी मार्ग काढला असल्यास कृपया लिहावे. तसेच आपल्याकडे कोणते अवजार राहून गेले आहे आणि ते का, हेही वाचायला आवडेल.

कोयनाकाठ (कराड)

सागरंग, आपली अडचण खरी आहे. परंतु पैसे, वीज आणि आवाज या तिन्ही गोष्टी सुटल्या तरी एक प्रश्न उरेल, तो आधी सांगतो. थिकनेस प्लेनर फळी सरळ करत नाही. तो फळीची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, एवढेच त्याचे काम. फळीला पीळ असेल, तर रुळांच्या दाबाखाली ती आत जाताना सपाट होते, वरून तासली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा पिळाला जाते. जाडी सगळीकडे एकसारखी मिळते, पण पीळ कायम राहतो. म्हणून आधी एक बाजू सपाट करावी लागते. कारखान्यात हे काम जॉइंटर नावाचे यंत्र करते आणि ते प्लेनरपेक्षाही जास्त जागा अडवते.

ही एक बाजू हाताने करता येते. समान रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या, उभ्या कडेवर ठेवाव्यात आणि डोळा खाली नेऊन एकीच्या माथ्यावरून दुसरीचा माथा पाहावा. दूरच्या पट्टीचे जे टोक वर दिसेल, तो कोपरा आणि त्याच्या तिरकस समोरचा अलीकडचा कोपरा असे दोन कोपरे उंच असतात. तेवढेच रंध्याने उतरवून पुन्हा पाहावे. आधी लाकडाच्या रेषांना आडवा रंधा मारल्यास लाकूड भरभर निघते, आणि शेवटचे हात रेषांच्या दिशेने मारावेत. 14 इंची लोखंडी रंधा यासाठी पुरेसा आहे, फक्त त्याचा तळ जाड काचेवर चिकटवलेल्या एमरी पेपरवर घासून आधी सपाट करून घ्यावा, कारण स्वस्त रंध्यांचे तळ बहुधा मधेच खोल असतात. सागवानात सिलिका असल्याने पात्याची धार लवकर जाते. निसणा हाताशी ठेवा आणि पाते घसरू लागण्याची वाट न पाहता धार लावा.

एक बाजू अशी तयार झाली, की फळ्या सॉ मिलवर न्याव्यात. टिंबर मार्केटच्या आसपास आणि आमच्याकडे तालुक्याच्या गावीही रंधा मारून देणारे लोक असतात आणि हौशी माणसाच्या मोजक्या फळ्यांना ते नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सपाट केलेल्या बाजूवर खडूने खूण करून ती खाली ठेवायला आवर्जून सांगा. टोकांशी यंत्र थोडे जास्त खोल तासते, म्हणून फळी लागते त्यापेक्षा तीन-चार इंच लांब न्यावी. जुन्या वाड्याचे लाकूड असल्यास त्यातले खिळे आधी काढा, कारण एका खिळ्याने पाते खराब झाले, तर तो माणूस पुन्हा आपले लाकूड घेणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पारिजात (न्यू जर्सी)

डीडब्ल्यू 735 माझ्याकडे आहे आणि यंत्र उत्तम आहे, तरीही इथून नेऊ नये असे सुचवते. त्याची 230 व्होल्टवर चालणारी आवृत्ती ऑस्ट्रेलियात विकली जाते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर टाळता येईल. परंतु पात्यांचे काय? ती 13 इंची, दोन्ही बाजूंना धार असलेली आणि नंतर टाकून द्यायची असतात. सागवानावर ती किती लवकर बोथट होतील, याचा विचार करा. दर वेळी परदेशातून मागवायची म्हटले, तर यंत्र पात्यांअभावी पडून राहील.

माझ्याकडे नसलेली वस्तू म्हणजे सॉस्टॉप कंपनीचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत. बोट पात्याला लागताच शरीराची विद्युतवाहकता ओळखून ते यंत्र सुमारे पाच मिलिसेकंदांत फिरते पाते थांबवते. ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि तो ठोकळा व पाते दोन्ही बदलावे लागतात. ओल्या लाकडानेही तो ठोकळा चुकून सुटू शकतो, पण बोटापुढे तो खर्च किरकोळ आहे. मला हवे असलेले मॉडेल तळघराच्या अरुंद जिन्यातून खाली नेता येत नाही, हे माझे कारण. तोवर साध्या टेबल सॉवर रायव्हिंग नाइफ (कापलेले लाकूड पात्यामागे मिटू न देणारी पट्टी) कधीही न काढता काम करते.

खाडीपलीकडे (ठाणे)

प्लेनरच्या आधी भुसा खेचणाऱ्या यंत्राचा विचार व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये मानवाला कर्करोग होण्याचे निश्चित कारण मानले आहे. बंदिस्त गाळ्यात तर हे फारच गंभीर आहे. माझ्याकडे डस्ट कलेक्टर नाही, कारण भाड्याच्या जागेत पाइप बसवू देत नाहीत. म्हणून मास्क लावून आणि दार उघडे ठेवून काम करतो.

पांगारा (सावंतवाडी)

मला जड कामाचे टेबल हवे आहे. आपले पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतात आणि त्यांचा हात इतका बसलेला असतो, की त्यांना टेबलाची गरज पडत नाही. त्यामुळे तीन-चार इंच जाडीचा माथा आणि बाजूला मोठा शिकंजा असलेले टेबल बाजारात तयार मिळतच नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र उभ्यानेच काम करावे लागते. कोयनाकाठ यांनी सांगितलेला आडवा रंधा मारताना हलके टेबल सरकते आणि अर्धा जोर ते धरण्यात जातो. सागरंग, आपल्याकडे टेबल कसे आहे? ते डगमगत असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

सागरंग (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. टेबल प्लायवूडचे आहे आणि ते हलते, हे खरे आहे. ते तूर्त भिंतीला पक्के करतो. पहिल्या तीन फळ्यांची एक बाजू हाताने करून मार्केटमध्ये नेईन. कोयनाकाठ, एक शंका आहे: सॉ मिलवरून आणल्यावर फळ्या लगेच चिकटवाव्यात, की गाळ्यात पट्ट्यांवर रचून काही दिवस ठेवाव्यात? पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून विचारतो.

कोयनाकाठ (कराड)

आठवडाभर पट्ट्यांवर ठेवाव्यात आणि दोन्ही बाजूंना हवा लागू द्यावी. तासल्यावर आतला ओलावा उघडा पडतो आणि फळी थोडी हलते, म्हणून सॉ मिलवर शेवटच्या मापापेक्षा एक-दोन मिमी जाड ठेवायला सांगा आणि तेवढे नंतर हाताने उतरवा.