अनुभव धागा: युरोपात गाडीने सीमा ओलांडताना

शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसांत एरवी सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर बहुधा कोणी अडवत नाही. निळ्या पाटीवर नव्या देशाचे नाव दिसते, आणि ती मागे पडेपर्यंत रस्त्याचे कायदे बदललेले असतात. टोलनाका दिसला नाही म्हणजे टोल नाही, हा आपला घरचा समज इथे महागात पडतो. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. निसर्गवर्णन पुन्हा कधीतरी. इथे चूक नेमकी कुठे झाली तेवढे सांगावे.

सुरुवात मीच करतो. म्युनिकहून साल्झबुर्गमार्गे व्हिएन्नाला आमचे वरचेवर जाणे असते, म्हणून 2024 च्या जूनमध्ये ऑस्ट्रियाचे दोन महिन्यांचे डिजिटल व्हिन्येट (ठरावीक मुदतीसाठी महामार्ग वापरण्याचा आगाऊ भरलेला टोल) ऑनलाइन घेतले आणि दुसऱ्याच दिवशी निघालो. पावतीवर ते कोणत्या तारखेपासून लागू होणार हे स्पष्ट छापलेले होते. मी फक्त पैसे भरल्याची खूण पाहिली. ऑनलाइन खरेदी रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला असल्यामुळे दोन महिन्यांचे आणि वार्षिक व्हिन्येट खरेदीनंतर अठराव्या दिवसापासून लागू होत होते. एक किंवा दहा दिवसांचे घेतले असते, तर लगेच चालले असते. कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली आणि काही आठवड्यांनी 120 युरोंची मागणी घरी आली. तक्रार कोणाकडे करणार?

इन्सब्रुकहून वेरोनाला गेलेले एक कुटुंब

व्हिन्येट काचेवर चिकटवले की ऑस्ट्रियातला टोल संपला, असे आम्ही धरून चाललो होतो. इन्सब्रुकहून इटलीच्या सीमेकडे जाणाऱ्या ब्रेनर महामार्गाला ते लागू नाही. तिथला टोल वेगळा भरावा लागतो. टाउअर्न, आर्लबेर्ग आणि कारावांकेन या बोगद्यांच्या मार्गांचेही तसेच आहे. ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत शिरल्यावर पद्धत पुन्हा बदलते: आत जाताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. वेरोनाच्या नाक्यावर आमचे कार्ड यंत्राने घेतले नाही, मागे गाड्यांची रांग लागली, आणि मी गाडी मागे घेण्याच्या बेतात होतो. पत्नीने मदतीचे बटण दाबले. यंत्रातून नंबरप्लेट छापलेली चिठ्ठी आली आणि दांडा वर गेला. त्या चिठ्ठीवरचे पैसे 15 दिवसांत भरले, तर जादा आकार लागत नाही. नाक्यावर गाडी कधीही मागे घेऊ नये, आणि पिवळ्या खुणेची टेलिपास रांग (गाडीतल्या यंत्रावरून टोल आपोआप कापणारी) ते यंत्र नसलेल्यांनी टाळावी.

झुरिकहून

माझ्याकडे येणारे पाहुणे दर वेळी विचारतात की एका दिवसाचे व्हिन्येट मिळत नाही का. स्वित्झर्लंडमध्ये मिळत नाही. वर्षाचे एकच, 40 फ्रँकांचे. 1995 पासून दर तोच आहे. आदल्या वर्षाच्या 1 डिसेंबरपासून पुढच्या वर्षाच्या 31 जानेवारीपर्यंत, म्हणजे चौदा महिने ते चालते. त्याशिवाय महामार्गावर सापडल्यास 200 फ्रँक दंड आणि वर व्हिन्येटचे पैसे. मला हा व्यवहार रास्त वाटतो, कारण सुमारे 17 किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्याला वेगळा टोल नाही. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात मात्र तो भरावा लागतो.

पुण्याहून आलेल्या पर्यटकांचा अनुभव

आम्ही जर्मनीत गाडी भाड्याने घेऊन प्रागला गेलो. चेक प्रजासत्ताकात 2021 पासून काचेवरचा स्टिकर गेला आणि व्हिन्येट नंबरप्लेटवर नोंदवले जाऊ लागले. आमची पहिली गाडी दुसऱ्याच दिवशी बिघडली. कंपनीने बदली गाडी दिली. व्हिन्येट अर्थातच जुन्या क्रमांकावर राहिले, आणि ही गोष्ट आमच्या लक्षात आली ती थेट महामार्गावर चढल्यावर. पुढच्या थांब्यावर फोनवरून दुसरे घेतले. गाडी कोणत्या देशांत नेणार, हेही करारात आधीच लिहून घ्यावे. न विचारता सीमा ओलांडल्यास विमा लागू न होण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढला होता. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरतात, आणि इटलीत जायचे असल्यास तो हवाच.

स्टुटगार्टहून, आयटीत नोकरी

वरील मुद्द्याला एक पुरवणी. पर्यटकाला चालणारा भारतीय परवाना इथे जर्मनीत राहायला आलेल्याला सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्याच्या रहदारीत बारा वर्षे गाडी चालवल्याचा अभिमान मी प्रशिक्षकाच्या गाडीत पहिल्याच तासाला गमावला.

फ्लोरेन्सला जाऊन आलेली, मूळची नाशिकची

टोल सगळे वेळेवर भरले. हॉटेल शोधताना मात्र जुन्या शहरातल्या मर्यादित वाहतुकीच्या भागात, तिथल्या भाषेत झेडटीएलमध्ये, एकाच संध्याकाळी दोनदा शिरले, कारण पहिल्यांदा चुकलेले वळण घ्यायला मी पुन्हा तिथूनच आले. दंडाची पत्रे दोन आली. त्याआधी गाडी भाड्याने देणाऱ्यांनी माझा पत्ता पोलिसांना कळवण्याचे शुल्क कार्डावरून दोनदा कापून घेतले होते.